गाण्यांची मोठी लायब्ररी प्लेयरवर न्यायचीय? आधी काय, नंतर काय

दहा-पंधरा हजार गाणी हार्ड डिस्कवर पडलेली, हातात नवा म्युझिक प्लेयर, उत्साहाच्या भरात मोठं मेमरी कार्ड घालून अख्खं फोल्डर उचललं आणि कॉपी मारली. दोन दिवसांनी बोंबाबोंब सुरू होते. एका सिनेमाचे सात अल्बम दिसतायत, निम्मी गाणी ‘अननोन आर्टिस्ट’मध्ये गेलीत, कव्हर येत नाही, प्लेलिस्ट रिकामी, आणि स्कॅन (प्लेयर कार्डवरची गाणी वाचून यादी बनवतो ते) ६३ टक्क्यांवर लटकलंय. मग लोक प्लेयरला शिव्या घालतात किंवा दुसरा प्लेयर घेतात आणि तिथेही तेच होतं. बहुतेक वेळा प्लेयरचा काही दोष नसतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं एकच: मूळ लायब्ररी कॉम्प्युटरवर राहते, तिला आपण मास्टर म्हणू, आणि प्लेयरवर जाते ती तिची नक्कल. जे काही सुधारायचं ते मास्टरवर, नकलेला हात लावायचा नाही. प्लेयरवर बसून टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती) बदलले, गाणी डिलीट केली की पुढच्या सिंकला, म्हणजे मास्टर आणि नक्कल जुळवताना, ते सगळं परत येतं नाहीतर मास्टरवरचंही उडतं.

## तयारी: हाताशी काय काय हवं

मास्टरसाठी एक डिस्क, बॅकअपसाठी दुसरी (खरंच दुसरी, त्याच डिस्कचं वेगळं पार्टिशन चालणार नाही), चांगला कार्ड रीडर, आणि थोडी फुकट सॉफ्टवेअर्स. टॅगसाठी एमपीथ्रीटॅग, गाणी ऐकायला-चाळायला म्युझिकबी किंवा फूबार२०००, डुप्लिकेट शोधायला ड्यूपगुरू, कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक. लिनक्सवाले किड३ आणि आरसिंक वापरतातच, त्यांना वेगळं सांगायला नको. म्युझिकब्रेन्झ पिकार्डसुद्धा घ्या, पण त्याच्याबद्दल खाली बोलायचंय.

वेळेचं म्हणाल तर एका रविवारात हे होत नाही. रोज तासभर द्या, आणि अर्धवट झालेलं कार्डवर टाकायचा मोह टाळा.

## १. सगळं एका जागी आणा आणि लगेच बॅकअप घ्या

जुना लॅपटॉप, दोन पेनड्राइव्ह, मोबाइलचं डाउनलोड फोल्डर, मामाने दिलेली डीव्हीडी, जे काही आहे ते एका डिस्कवर एका फोल्डरमध्ये आणा. या टप्प्याला काही आवराआवर करू नका, जसं आहे तसं आणा, फक्त कुठून आलं ते फोल्डरच्या नावात लिहा. मग त्या सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवा. पुढच्या टप्प्यांमध्ये एकेका क्लिकमध्ये हजार फायली बदलणार आहात, त्यामुळे ही कॉपी नसेल तर पुढे जाऊच नका.

चेक: दोन्ही डिस्कवर फायलींची संख्या आणि एकूण बाइट सारखे आहेत का ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. नुसतं ‘कॉपी कम्प्लीट’ दिसलं म्हणून डिस्क काढू नका.

## २. हुबेहूब डुप्लिकेट उडवा, टॅगला हात लावायच्या आधी

हा क्रम सगळ्यात जास्त चुकतो. एकच फाइल तीन फोल्डरांत असेल तर आत्ता त्या तिन्ही बाइट-टू-बाइट सारख्या आहेत, ड्यूपगुरू कंटेंट मोडमध्ये त्या खात्रीने पकडतो. तुम्ही त्यातल्या एकीचा टॅग सुधारलात की फाइल बदलली, आता कॉम्प्युटरच्या लेखी त्या वेगळ्या, आणि मग तुम्हाला कानाने ऐकून ठरवावं लागतं. म्हणून आधी हे काम.

एकच गाणं वेगवेगळ्या बिटरेटमध्ये, म्हणजे कमी-जास्त दाबलेलं असेल (१२८ केबीपीएसचं एमपी३ एक, ३२० चं एक, सीडीवरून काढलेलं, आवाजातलं काही न गाळणारं फ्लॅक एक) तर ते इथे सापडणार नाही. त्याला टॅग झाल्यावर दुसरी फेरी मारू. आत्ता फक्त जुळी भावंडं काढा.

थांबा: डुप्लिकेट कायमचे डिलीट करू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. महिनाभराने उडवा. आणि नाव सारखं म्हणून फाइल सारखी असं धरू नका, ‘ट्रॅक ०१’ नावाच्या फायली कुणाकडेही पन्नासेक निघतील आणि त्यातली एकही दुसरीसारखी नसते.

## ३. दहा गाण्यांची चाचणी

टॅग कसे लिहायचे हे ठरवण्याआधी तुमचा प्लेयर काय वाचतो ते कळायला हवं. नाहीतर आठ हजार गाण्यांचे टॅग देवनागरीत टाकून झाल्यावर स्क्रीनवर चौकोन दिसतात आणि मग रडायची वेळ येते.

दहा गाणी घ्या. दोन-तीनचे टॅग देवनागरीत, त्यात मुद्दाम जोडाक्षरं आणि वेलांट्या असलेली नावं: ‘श्रीनिवास’, ‘प्रार्थना’, ‘भक्तिगीतं’. काही प्लेयरवर चौकोन येतात, काहींवर अक्षरं येतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. ॲन्ड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेयरवर साधारण सगळं नीट दिसतं, स्वस्तातल्या छोट्या स्क्रीनवाल्यांवर बहुधा नाही. नीट दिसत नसेल तर टॅग रोमन लिपीत, विषय संपला.

याच दहा गाण्यांत एक फ्लॅक, एक एएसी, एक ओपस (हे सगळे फाइलचे प्रकार), एक २४ बिटचं असं ठेवून काय वाजतं तेही बघून घ्या. ॲपलच्या मूळ सॉफ्टवेअरवरचा आयपॉड फ्लॅक वाजवत नाही, त्याला अलॅक (ॲपलचा फ्लॅकसारखाच प्रकार) लागतं. त्यावर रॉकबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर टाकलं तर फ्लॅक, ओपस सगळं वाजतं. आणि एमपी३ च्या टॅगची आवृत्तीसुद्धा तपासा. आयडी३ या टॅग लिहायच्या पद्धतीची २.३ ही आवृत्ती जवळपास सगळीकडे वाचली जाते, २.४ काही जुन्या प्लेयरना कळत नाही. एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-१६ (सगळ्या लिपींतली अक्षरं साठवायची पद्धत) सह २.३ निवडून ठेवा म्हणजे देवनागरीही टिकते. जुनी १ नंबरची आवृत्ती काढूनच टाका, तिच्यात नावाला फक्त ३० अक्षरांची जागा असते, आणि काही प्लेयर हटकून तीच वाचून नाव अर्धवट दाखवतात.

## ४. टॅग: इथे वेळ घालवा

प्लेयरवर फिरायला सोपं आहे की नाही ते नव्वद टक्के इथेच ठरतं. फाइलचं नाव कितीही सुंदर असो, लायब्ररी मोडमध्ये (गायक, अल्बम अशा याद्यांतून फिरताना) प्लेयर टॅग बघतो.

टॅगमधला ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा ठेवू नका. सिनेमाचा अल्बम सात तुकड्यांत दिसतो त्याचं कारण हेच. आर्टिस्टमध्ये एका गाण्याला लता मंगेशकर, दुसऱ्याला लता आणि किशोर कुमार, तिसऱ्याला मोहम्मद रफी असतात, आणि अल्बम आर्टिस्ट नसला की बरेच प्लेयर आर्टिस्ट बदलला म्हणजे अल्बम बदलला असं समजतात. सिनेमाच्या गाण्यांना अल्बम आर्टिस्टमध्ये संगीतकाराचं नाव टाका, आर्टिस्टमध्ये गायक राहू द्या. सगळ्या गाण्यांना अल्बम आर्टिस्ट अक्षर न अक्षर सारखा हवा. अल्बमच्या नावापुढे वर्षही लिहा, कारण ‘डॉन’ १९७८ चाही आहे आणि २००६ चाही, आणि काही प्लेयर फक्त अल्बमचं नाव बघून दोन्हींची खिचडी करतात.

पंडित, उस्ताद, विदुषी. एका कार्डवरची आर्टिस्टची यादी उघडून बघा: ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘पं.भीमसेन जोशी’ (मधे जागा नाही), चार माणसं झाली. शिवाय मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, जसराज सगळेच ‘पं’खाली दाटीवाटीने बसलेले, आणि छोट्या चाकाने स्क्रोल करत करत अंगठा दुखतो. आदर मनात ठेवा, टॅगमध्ये नुसतं नाव लिहा. हे करायला एमपीथ्रीटॅगमध्ये सगळी शास्त्रीय गाणी एकत्र उघडायची, आर्टिस्ट कॉलमवर क्लिक करून लावायची, एकसारखी नावं निवडायची आणि एकदाच लिहायचं. ‘रिप्लेस’चं ॲक्शन बनवून ठेवलं तर पुढेही उपयोगी पडतं.

नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस डोळ्याला दिसत नाही पण त्याने दुसऱ्या आशा भोसले तयार होतात. देवनागरीवाल्यांसाठी अजून एक: ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला डिट्टो सारखे, प्लेयरला वेगळे. एकाच कीबोर्डवरून टाइप करा किंवा आधीचं नाव कॉपी-पेस्ट करा.

रागाचं काय करायचं? बहुतेक प्लेयरमध्ये रागासाठी वेगळा मेन्यू नसतो. टायटलमध्ये राग पहिला लिहा, मग लय आणि ताल: ‘यमन – विलंबित एकताल’, ‘यमन – द्रुत तीनताल’. शिवाय एक जुगाड आहे. प्लेयरला ‘कंपोझर’ असा मेन्यू असेल तर ख्यालाच्या गाण्यांना कंपोझरच्या जागी रागाचं नाव टाका, तसंही तिथे बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसतं. मग कंपोझरमध्ये जाऊन ‘मारवा’ उघडला की तुमच्याकडचे सगळ्या गायकांचे मारवे एका खाली एक. सिनेमाच्या गाण्यांचे संगीतकारही त्याच यादीत येतील हे मान्य, पण सवय होते.

ट्रॅक नंबर आणि डिस्क नंबर. गीतरामायणाची ५६ गाणी क्रमाने ऐकायची असतात. ट्रॅक नंबर नसेल तर प्लेयर ती अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि रामकथेचा पार विस्कोट होतो. नंबर ०१, ०२ असे दोन आकडी टाका, कारण काही प्लेयर १ च्या नंतर १० वाजवतात. चार सीडींचा संच असेल तर डिस्क नंबरही भरा, नाहीतर चारही सीडींची पहिली गाणी आधी, मग चारही दुसरी, असं ऐकावं लागेल.

जॉनर कमी ठेवा. भावगीत, नाट्यसंगीत, अभंग, लावणी, शास्त्रीय, हिंदी सिनेमा, असे आठ-दहा पुरतात. डाउनलोड केलेल्या गाण्यांत जॉनरमध्ये, कॉमेंटमध्ये, कधी कधी अल्बमच्या नावातसुद्धा वेबसाइटची जाहिरात कोंबलेली असते, ती पहिल्या झटक्यात साफ करा.

आता पिकार्ड. तो गाण्याचा ध्वनी ओळखून टॅग भरतो आणि इंग्रजी अल्बम असतील तर काम झकास करतो. आपल्या जुन्या गाण्यांवर त्याला मोकाट सोडलं तर मात्र एकाच सिनेमाची सहा गाणी सहा वेगवेगळ्या ‘बेस्ट ऑफ’ संग्रहांत नेऊन टाकतो, कारण ‘स्कॅन’ बटण प्रत्येक फाइल सुटी बघतं. आधी ‘क्लस्टर’ (एका अल्बमच्या फायली एकत्र करणं), मग ‘लुकअप’ (असलेल्या टॅगवरून शोध), आणि तरीही नाही मिळालं तरच स्कॅन. मराठी भावगीतं, नाट्यपदं यांची नोंद तिथे विरळच, ती हातानेच भरावी लागतील.

थांबा: पिकार्डमध्ये सगळं सिलेक्ट करून ‘सेव्ह’ दाबायचं नाही. एकेक अल्बम बघून सेव्ह करा.

एक छोटं सेटिंग, जे पुढे डोकेदुखी वाचवतं: एमपीथ्रीटॅगमध्ये टॅग सेव्ह करताना फाइलची जुनी तारीख जपायचा पर्याय आहे, तो बंद ठेवा. टॅगसाठी फाइलमध्ये थोडी रिकामी जागा राखलेली असते, त्यामुळे टॅग बदलला तरी फाइलची साइज बरेचदा तीच राहते. तारीखही तीच राहिली तर सिंकवालं सॉफ्टवेअर म्हणतं काही बदललंच नाही, आणि तुमची दुरुस्ती कार्डवर कधी पोचतच नाही.

टॅग झाले की डुप्लिकेटची दुसरी फेरी: आर्टिस्ट आणि टायटलने लावा, जोड्या दिसतील, चांगलं ते ठेवा. चांगलं कोणतं हे नुसत्या आकड्यावर ठरवू नका. १२८ चं एमपी३ कोणीतरी ३२० किंवा फ्लॅक केलेलं असतं, त्याने फाइल फुगते, आवाज तोच. स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, ते आवाजाच्या फ्रीक्वेन्सींचा आलेख दाखवतं; फ्लॅक असूनही आलेख १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखा सपाट थांबत असेल तर संशय घ्या. फक्त ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून साफ करून काढलेली जुनी गाणी यातून वगळा, त्यांच्यात वरचं फारसं काही नसतंच, तिथे कान लावा.

## ५. फाइलची नावं आणि फोल्डर

टॅग बरोबर असतील तर हे पाच मिनिटांचं काम, एमपीथ्रीटॅग टॅगवरून नावं बनवतो. रचना साधी ठेवा: अल्बम आर्टिस्टचं फोल्डर, त्यात वर्ष आणि अल्बमचं फोल्डर, त्यात ट्रॅक नंबर आणि टायटल. याच्यापेक्षा खोल जाऊ नका.

टॅग देवनागरीत असले तरी फाइलची नावं रोमनमध्ये ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. ॲन्ड्रॉइड आणि लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि छोट्या प्लेयरमध्ये पूर्ण पाथलाच अशी मर्यादा असू शकते. लांब नाट्यपद, लांब नाटकाचं नाव, वर ‘संगीत’ हा शब्द, की गेलं. फाइल कार्डवर दिसते, प्लेयरवर वाजत नाही, आणि कारण सापडत नाही.

प्रश्नचिन्ह, कोलन, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही स्लॅश आणि कोनी कंस हे कार्डवर चालत नाहीत, रीनेम करतानाच काढून टाका.

चेक: नावं बदलण्याआधी प्रीव्ह्यूमध्ये पहिल्या वीस ओळी वाचा. टायटल रिकामं असलेल्या फायली तिथेच कळतात.

## ६. कव्हर आणि आवाजाची पातळी

कव्हर दिसत नाही ही तक्रार दोन कारणांनी येते. एक, चित्र फार मोठं, ३००० पिक्सेलचं. दोन, जेपेग ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रकारचं. बरेच प्लेयर फक्त साधं ‘बेसलाइन’ जेपेग दाखवतात. कव्हर ५०० बाय ५०० चं, बेसलाइन, आणि फाइलच्या आत बसवलेलं असं ठेवा. मोठं चित्र हवंच असेल तर मास्टरच्या फोल्डरमध्ये वेगळं ठेवा.

आवाजासाठी रिप्लेगेन, म्हणजे गाणं किती मोठ्याने वाजवायचं ते प्लेयरला सांगणारा टॅग. एक गाणं कुजबुजतं, दुसरं कानाचे पडदे फाडतं, हा त्रास त्याने जातो. फूबारमध्ये सगळं सिलेक्ट करून अल्बमप्रमाणे स्कॅन करा. ते फक्त टॅगमध्ये आकडा लिहितं, मूळ आवाजाला धक्का लागत नाही. शास्त्रीय ऐकताना प्लेयरवर ‘अल्बम’ मोड ठेवा. ‘ट्रॅक’ मोडमध्ये वेगळ्या ट्रॅकवरचा हळुवार आलाप आणि पुढची द्रुत बंदिश आवाजाच्या एकाच पातळीवर आणली जातात, मग चढत जाण्यातली मजाच गेली. प्लेयरला रिप्लेगेन कळत नसेल तर एमपी३ साठी एमपीथ्रीगेन आहे, पण ते मास्टरवर चालवू नका, पुढच्या टप्प्यातल्या नकलेवर चालवा.

## ७. प्लेयरसाठी नक्कल तयार करा

सगळं मावतंय का याचा हिशोब कार्ड विकत घ्यायच्या आधी करा. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये १२ एमबी होतं, सीडी दर्जाच्या फ्लॅकमध्ये साधारण ३० ते ३५ एमबी. २०,००० गाणी धरली तर ३२० मध्ये २४० जीबी, फ्लॅकमध्ये सहाशे ते सातशे जीबी. २५६ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये २३८ जीबी दिसतं हे फसवणूक नसून मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, त्यामुळे घाबरू नका, पण दहा टक्के जागा मोकळी ठेवायची हे नक्की.

लोकलमध्ये किंवा एसटीत ब्लूटूथ इअरफोन लावून ऐकणार असाल तर फ्लॅक वाहून नेण्यात अर्थ नाही, ब्लूटूथ बहुतेक वेळा ते परत दाबूनच पाठवतं. फ्लॅकचं लेम एन्कोडरने (एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर) व्ही२ दर्जाचं एमपी३ करा, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास बसतं, गाणं सात एमबीचं. घरी वायरचा चांगला हेडफोन असेल तर आवडते पाचशे अल्बम फ्लॅकमध्येच राहू द्या. विलंबित आणि द्रुत असे सलग ट्रॅक असतील तर मध्ये खळ्ळ होऊन तुटत नाही ना ते बघा. फ्लॅकला हा त्रास नसतो, एमपी३ ला प्लेयरचा ‘गॅपलेस’ सपोर्ट लागतो.

थांबा: फक्त फ्लॅक, अलॅक, वेव्ह अशा लॉसलेस (आवाजातलं काही न गाळणाऱ्या) फायली कन्व्हर्ट करा. आधीच एमपी३ असलेली गाणी तशीच कॉपी होऊ द्या, एमपी३ चं परत एमपी३ करण्यात दर वेळी थोडा आवाज जातो. आणि कन्व्हर्ट केलेलं वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या, मास्टरच्या शेजारी नको.

हे सगळं टॅगनंतर का? कारण कन्व्हर्टर टॅग आणि कव्हर सोबत नेतो. आधी कन्व्हर्ट केलंत तर टॅगचं काम दोनदा.

## ८. कार्ड तपासा, मगच फॉरमॅट

बाजारात खोटी कार्डं भरपूर आहेत, आत ३२ जीबीची चिप आणि वर ५१२ छापलेलं. ती कॉपी करताना कुरकुर करत नाहीत, जागा संपली की मागचं पुसत पुढे लिहीत जातात. नवीन कार्डवर विंडोजमध्ये एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ चालवा. पूर्ण कार्ड भरून परत वाचतात, त्यामुळे काही तास लागतील, रात्री लावून झोपा. लाईटचा भरवसा नसेल तर हे लॅपटॉपवर करा.

फॉरमॅट प्लेयरमध्येच करणं उत्तम. ३२ जीबीवरची कार्डं साधारण एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये येतात, काही जुन्या प्लेयरना फॅट३२ च लागतं, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीवर बरीच वर्षं फॅट३२ देतच नव्हती, त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर वापरतात. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, गाण्यांना त्याने फरक पडत नाही, अख्ख्या रात्रीच्या मैफिलीचं एकसंध वेव्ह रेकॉर्डिंग असेल तर पडेल.

## ९. कॉपी

कार्ड काढून रीडरमध्ये लावा. प्लेयरची यूएसबी २.० वायर सेकंदाला २०-३० एमबीच्या पुढे सहसा जात नाही, म्हणजे २०० जीबीला दोन तास तरी धरा. चांगल्या रीडरमध्ये हेच तासाभरात होतं आणि प्लेयरची बॅटरीही मध्ये दगा देत नाही.

फ्रीफाइलसिंकमध्ये डावीकडे नक्कल, उजवीकडे कार्ड, मोड ‘मिरर’. मिररचा अर्थ नीट समजून घ्या: डावीकडे जे नाही ते उजवीकडून उडवलं जातं. बाजू उलटी झाली आणि कार्ड रिकामं असलं तर तुमचं फोल्डर रिकामं होतं. म्हणून आधी ‘कंपेअर’ दाबून किती डिलीट होणार तो आकडा वाचायचा. पहिल्यांदा कॉपी करताना तो शून्यच असायला हवा.

रोबोकॉपी (विंडोजची कॉपीची कमांड) वापरणाऱ्यांनी एफएफटी (/FFT) हा स्विच विसरू नये. फॅट३२ वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने नोंदवते, हा स्विच नसला की प्रत्येक वेळी हजारो फायली ‘बदलल्या’ वाटतात आणि परत कॉपी होत बसतात.

मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक भुताटकी फाइल जाते. प्लेयरवर गाणी दुप्पट दिसतात आणि निम्मी वाजत नाहीत. टर्मिनलमध्ये ‘डॉट क्लीन’ (dot_clean) कमांड चालवून ती साफ करा.

मूळ सॉफ्टवेअरवर आयपॉड वापरणाऱ्यांचा मार्ग वेगळा, तिथे फोल्डर टाकून चालत नाही, आयट्यून्स किंवा मॅकवर फाइंडर लागतो. आयपॉड आतमध्ये गाण्यांची नावं चार-चार अक्षरांची करून ठेवतो, त्यामुळे त्याला बॅकअप समजू नका. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडल्यावर ‘इरेज अँड सिंक’ विचारलं तर वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

चेक: कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा. मग परत लावून वेगवेगळ्या फोल्डरांतली चार-पाच गाणी कार्डवरूनच वाजवा, विशेषतः सगळ्यात शेवटी कॉपी झालेली.

## १०. स्कॅन

चार्जर लावा, ऑटो स्कॅन बंद करा, आणि हाताने एकदा पूर्ण स्कॅन चालवा. आधीची लायब्ररी प्लेयरमध्ये असेल तर आधी जुना डेटाबेस पुसा. नुसतं ‘अपडेट’ केलं की काही प्लेयर जुन्या नोंदी तशाच ठेवतात आणि मग नाही त्या गाण्यांची नावं दिसतात. रॉकबॉक्समध्ये डेटाबेस मेन्यूत ‘इनिशियलाइज’ हेच करतं.

स्कॅन एकाच जागी लटकत असेल तर कुठली तरी एक फाइल खराब आहे. हजारो फायली एकेक बघू नका. अर्धे फोल्डर कार्डवरून कॉम्प्युटरवर हलवा, स्कॅन करा. झालं? मग खराब फाइल बाहेर काढलेल्या अर्ध्यात. परत त्याचे अर्धे. १०,००० फायलींतूनही चौदा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो, आणि फोल्डरप्रमाणे गेलात तर त्याच्याही आधी. किंवा आधीच फूबारचं ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ मास्टरवर चालवून ठेवा, फ्लॅकच्या आत तर पडताळणीचा कोडच लिहिलेला असतो.

काही प्लेयरना एकूण गाण्यांची मर्यादा असते. स्कॅन पूर्ण झालं, पण काही नावांपुढची यादी सरळ गायब असेल, तर मॅन्युअलमध्ये तो आकडा शोधा. अशा वेळी लायब्ररी मोड सोडून फोल्डर मोडमध्ये फिरा, तिथे सहसा अडत नाही.

## ११. प्लेलिस्ट सगळ्यात शेवटी

प्लेलिस्ट म्हणजे गाण्यांच्या पत्त्यांची यादी. फाइलचं नाव बदललं की पत्ता चुकला. म्हणून पाचव्या टप्प्याआधी बनवलेल्या सगळ्या प्लेलिस्ट आता निरुपयोगी, मनाची तयारी ठेवा.

बनवताना फॉरमॅट एम३यू८, आणि पाथ ‘रिलेटिव्ह’, म्हणजे प्लेलिस्ट जिथे आहे तिथपासून मोजलेला. ‘डी ड्राइव्ह’ने सुरू होणारा पाथ प्लेयरला कसा कळणार? प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ वाचा, तिथेच समजेल. नक्कल एमपी३ मध्ये असेल तर प्लेलिस्टमधलं एक्स्टेंशनही एमपी३ च हवं, मास्टरवरून बनवलेल्या यादीत ते फ्लॅक राहून जातं आणि प्लेलिस्ट रिकामी दिसते. नोटपॅडमध्ये ‘रिप्लेस ऑल’ मारलं की काम होतं.

## १२. नंतर नवीन गाणी आली की

नवीन गाणी थेट कार्डवर टाकायची नाहीत. ‘आवक’ नावाचं एक फोल्डर ठेवा, जे येईल ते तिथे पडू दे, आठवड्यातून एकदा त्यांचे टॅग, नाव, कव्हर, रिप्लेगेन करून मास्टरमध्ये घ्या, मग नक्कल, मग मिरर, मग स्कॅन. वीस गाण्यांना अर्धा तास लागतो. दोन हजार साठली तर परत पहिल्यापासून सगळा कुटाणा.

बॅकअपची डिस्क महिन्यातून एकदा काढून ताजी करा, आणि तेवढा वेळ सोडून ती कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका. कार्ड वर्षभराने अचानक हळू वाटायला लागलं, गाणी मध्येच उडी मारायला लागली, तर त्यावर दुरुस्तीची सॉफ्टवेअर्स चालवत बसण्यापेक्षा एकदा एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. एरर आली तर कार्ड फेका, दुसरं आणा, आठव्या टप्प्यापासून पुढे चला. मास्टर जागेवर असेल तर यात गाणं एकही जात नाही, एक संध्याकाळ जाते.